मुखडा परत येतो, गोष्ट पुढे जाते: गाण्याच्या व्हिडिओत कथा कशी रचायची?

शेवंती
शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी.

माझ्या मावसभावाने एक गाणं केलंय. शब्द त्याचे, चालही त्याचीच. लांबी ४ मिनिटं १२ सेकंद. विषय डबा. आमच्या गावाहून शहरात शिकायला गेलेल्या मुलांना घरून एसटीने डबा जातो. सकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवायचा, तिकडे मुलांनी स्टँडवर येऊन उचलायचा. मुखड्यात आईचा एकच प्रश्न आहे, "पोचला का डबा?" तो गाण्यात चार वेळा येतो. व्हिडिओ मी करतेय. दोन दिवस शूटिंग झालं, रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, लावून पाहिला, आणि मन लागेना.

काय चुकतंय ते तिसऱ्यांदा बघताना कळलं. शब्दांत चूल आली की मी चूल दाखवलीय, भाकरी आली की भाकरी, रस्ता आला की रस्ता. अंगणवाडीतल्या तक्त्यावर बोट ठेवून शिकवतात तसं झालंय. पण त्याहून मोठी अडचण मुखड्याची आहे. गोष्ट पुढे निघालेली असते, मुलगी वसतिगृहात पोचलेली असते, आणि मुखडा येऊन सगळं पुन्हा आईच्या ओट्यापाशी नेऊन ठेवतो. गोष्टीत एकच वाक्य चारदा आलं तर वाचणारा कंटाळतो. गाण्यात मात्र माणूस त्याच वाक्याची वाट बघत असतो. ही दोन घड्याळं एकत्र चालवायची कशी?

म्हणून महिनाभर जुने-नवे व्हिडिओ नुसते बघत नाहीये, वही घेऊन बसतेय. सुरुवात 'थ्रिलर'पासून केली. मायकल जॅक्सनचं गाणं सहा मिनिटांच्या आतबाहेर, आणि जॉन लँडिसने १९८३ साली केलेली फिल्म चौदा मिनिटांच्या आसपास. जी गोष्ट इतकी वर्षं नजरेतून सुटली होती ती आता दिसली. रेकॉर्डवर कडवं, मुखडा, कडवं असा नेहमीचा क्रम आहे. व्हिडिओत दोघं सिनेमा बघून रात्री रस्त्याने निघतात, तो तिची खोडी काढत गातो, आणि तिथे कडवी एकामागून एक येतात. मुखडा येतच नाही! मग भयपटांतल्या व्हिन्सेंट प्राइस या नटाचा तो आवाज, थडग्यांतून बाहेर येणारे हात, त्याचा बदललेला चेहरा, नाच. नाच रंगात आला की मग कुठे मुखडा. ज्या भयाची तो गाण्यात ओळख करून देतोय ते समोर येऊन उभं राहिल्याशिवाय मुखड्याला अर्थ नाही, हे लँडिसने ओळखलं आणि गाणं उलगडून गोष्टीच्या मापाने पुन्हा शिवलं. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेलेला हा पहिला म्युझिक व्हिडिओ. त्या मानाचं कारण लोक नाचात शोधतात, मला ते या शिवणीत दिसतं.

पण माझा भाऊ गाण्याचा एक सेकंद इकडचा तिकडे करू देत नाही. तो त्याचा हक्क आहे. तर गाण्याला हात न लावता गोष्ट कशी बसवायची, यावर तुमचं मत हवंय.

----

कडवं_तिसरं
रविवार, सकाळी ८.१५

शेवंतीताई, गाण्याला हात न लावता केलेल्यांत माझ्या मते सगळ्यांत वरचा नंबर आ-हा या नॉर्वेच्या बँडच्या 'टेक ऑन मी'चा. १९८५, दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. या गाण्याचा १९८४ मध्येही एक व्हिडिओ आला होता, साधा गाताना-वाजवतानाचा. तेव्हा गाणं चाललं नाही. मग गाणं नव्याने रेकॉर्ड झालं, व्हिडिओ नवा झाला, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

गोष्ट दोन ओळींची. कॅफेत एक मुलगी चित्रकथा वाचत बसलीय, चित्रातला मुलगा पेन्सिलीने काढलेला हात बाहेर काढतो आणि तिला आत ओढतो. दोन जगं सांगायला एक शब्दही लागत नाही. कॅमेऱ्याने टिपलेलं ते आपलं जग, पेन्सिलीचं ते त्याचं. कॅमेऱ्याच्या फ्रेमवर फ्रेम ठेवून हाताने काढलेली सुमारे तीन हजार चित्रं आहेत त्यात. सोळा आठवडे लागले होते.

मला सांगायचंय ते शेवटाबद्दल. गाण्याच्या शेवटी तेच शब्द पुन्हा पुन्हा फिरत आवाज विरत जातो. पूर्वीच्या कितीतरी गाण्यांचा शेवट असाच असायचा. त्या फिरण्याचं काय करायचं हा तुमचाच प्रश्न झाला. बॅरनने काय केलं? तो मुलगा तिच्या घरच्या अरुंद पॅसेजमध्ये येतो आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर स्वतःला आपटत राहतो. अर्धा पेन्सिलीचा, अर्धा हाडामांसाचा. प्रत्येक आपटीला थोडा जास्त माणूस. शब्द तेच राहतात, पण दर वेळी तो थोडा खरा होत जातो. गाण्यातली पुनरुक्ती हीच गोष्टीतली धडपड झाली. मी हा तुकडा किती वेळा पाहिला असेल, दर वेळी श्वास रोखला जातो.

आणि पुढच्या गाण्याच्या व्हिडिओच्या सुरुवातीला तो पुन्हा पेन्सिलीचा होऊन पळून जातो. ते पाहून मला खरोखर वाईट वाटलं होतं.

----

रात्रपाळी
रविवार, दुपारी १.०५

संकलनात माझी वीस वर्षं गेली, त्यातली पहिली सात-आठ अल्बमच्या गाण्यांत. म्हणून थोडं कामाचं बोलतो.

व्हिडिओत गोष्ट सांगताना मुख्य अडचण ही की पात्रांचं तोंड आधीच गाण्याने घेतलेलं असतं. संवाद नाहीत. गाणारा गाताना दिसला की तो पात्र राहत नाही, गायक होतो. आम्ही एका कंपनीची गाणी कापायचो (नाव नको), त्यांची अट होती की दर दहा सेकंदांनी गायकाचा चेहरा आलाच पाहिजे. नायिका रडत धावत निघालीय, कट, गायक हसत गातोय. किती चांगल्या गोष्टी तिथे मेल्या त्याचा मला आजही त्रास होतो.

यातून वाट काढणारे दोन व्हिडिओ एकाच दिग्दर्शकाचे आहेत, जेमी थ्रेव्हज. पहिला रेडिओहेड या बँडच्या 'जस्ट'चा, १९९५. एक माणूस रस्त्यावर फुटपाथवर आडवा होतो. लोक जमतात, का पडलास म्हणून विचारतात. बोलणं ऐकू येत नाही कारण गाणं चालू आहे, म्हणून खाली सबटायटल्स. तो सांगत नाही. लोक चिडतात, विनवतात. शेवटी तो सांगतो, त्याचे ओठ हलताना दिसतात, आणि नेमकी तिथेच सबटायटल्स बंद. पुढच्या शॉटमध्ये सगळे लोक रस्त्यावर आडवे. बँड वरच्या खोलीच्या खिडकीतून हे बघतोय, वाजवतोय. गायक गोष्टीत घुसत नाही, तो साक्षीदार आहे. आवाज गाण्याने घेतलाय ही अडचणच त्याने रहस्य म्हणून वापरली.

दुसरा कोल्डप्ले या बँडचा 'द सायंटिस्ट', २००२. गोष्ट उलटी चालते, गायकाचे ओठ मात्र गाण्याबरोबर सुलटे हलतात. त्यासाठी गायक ख्रिस मार्टिनने ते गाणं उलट्या उच्चारांत पाठ केलं, उलटं गात उलटा चालला, आणि मग फिल्म फिरवली. शेवटाकडे पोचल्यावर कळतं की हा माणूस अपघाताकडून मागे मागे चाललाय, ती गाडीत शेजारी बसून हसत होती त्या क्षणापर्यंत. गाण्यातही पुन्हा सुरुवातीला जायचं मागणं आहे. शब्दांत जे मागितलं ते चित्राने करून दाखवलं. चूल म्हटल्यावर चूल दाखवणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तुमच्यासाठी एक सूचना. आईचे ओठ फक्त पहिल्या मुखड्यात हलू द्या. नंतर बंद. गाणं मागे वाजू दे, चेहरा मोकळा राहू दे. 'कागज़ के फूल'मधलं (१९५९) 'वक़्त ने किया' आठवा. वर गीता दत्तचा आवाज, खाली रिकामा स्टुडिओ, छायालेखक व्ही. के. मूर्तींचा तो उजेडाचा झोत, आणि नायक-नायिका दोघांचे ओठ मिटलेले. ते ओठ हलले असते तर आपण गाणं ऐकलं असतं. मिटलेले आहेत म्हणून त्यांच्या मनातलं ऐकतो.

----

हिरवाचाफा
रविवार, दुपारी ४.३०

नव्वदच्या दशकाची आठवण आल्याशिवाय राहवत नाही. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून टीव्हीसमोर बसायचं वय होतं माझं.

अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' (१९९५, दिग्दर्शक केन घोष) म्हणजे सरळ सरळ आजीच्या गोष्टीतलं स्वयंवर. राजकन्या, देशोदेशीचे उमेदवार, एकेकाला नकार, आणि शेवटी लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण. शब्दांत आहे तेच चित्रात आहे, म्हणजे शेवंती म्हणते तो दोष इथेही असायला हवा. पण तो जाणवत नाही, कारण स्वयंवराच्या गोष्टीलाच कडवं आणि मुखडा असतो. उमेदवार आला, नाकारला, पुन्हा आला, पुन्हा नाकारला. गोष्टीचा साचा आणि गाण्याचा साचा जुळला की काम होतं.

मला त्याहून जवळचं मात्र 'मन के मंजीरे'. शुभा मुद्गलांचा आवाज, शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनू मोइत्रांचं. पडद्यावर मीता वसिष्ठ. नवऱ्याचा मार सोसणारी बाई घर सोडते आणि ट्रक चालवायला लागते. एका खऱ्या बाईच्या आयुष्यावरून घेतलेलं होतं ते. गाण्याचे शब्द नुसते ऐकले तर त्यात ना ट्रक आहे ना मार. मनातल्या आनंदाचं गाणं आहे ते. चित्राने त्या आनंदाची किंमत सांगितली. मी तेव्हा लहान होते, पण स्टिअरिंगवरचे तिचे हात आठवतात. आमच्या आळीत तेव्हा एकही बाई स्कूटरसुद्धा चालवत नव्हती.

----

पाचवा_सूर
रविवार, रात्री ९.५०

माझं थोडं वेगळं मत. गोष्ट हवीच कशाला? गाण्याला स्वतःची रचना असते, तीच दाखवली तर? दिग्दर्शक मिशेल गोंड्रीने डाफ्ट पंक या जोडीच्या 'अराउंड द वर्ल्ड'मध्ये (१९९७) तेच केलं. एक गोल मंच, नाचणाऱ्यांचे पाच गट, प्रत्येक गट म्हणजे एक वाद्य. ममी म्हणजे ताल, सांगाडे म्हणजे गिटार, उंच खेळाडू म्हणजे बास, जिना चढणाऱ्या मुली म्हणजे कीबोर्ड, यंत्रमानव म्हणजे तो यंत्रातून आल्यासारखा आवाज. बास खाली उतरला की खेळाडू पायऱ्या उतरतात. शब्द तीनच, सतत तेच. गोष्ट शून्य. तरी शेवटपर्यंत नजर हलत नाही, कारण आपण गाणं डोळ्यांनी ऐकत असतो.

डब्याच्या गाण्यात आई, मुलगी, वसतिगृह हे सगळं आणण्यापेक्षा नुसता डबाच दाखवला तर?

----

शेवंती
रविवार, रात्री १०.३०

पाचवा_सूर, तुमचं म्हणणं पटतं, पण माझ्या गाण्याला लागू होईल असं वाटत नाही. तिथे शब्द तीनच होते. इथे प्रश्न विचारलाय. प्रश्न विचारला की उत्तर कोण देतं, कधी देतं, देतं की नाही, हे ऐकणाऱ्याला हवंच असतं. गोष्ट तिथेच सुरू होते. मात्र नुसता डबा ही कल्पना मी वहीत लिहून घेतलीय.

रात्रपाळी, ओठांबद्दल मनापासून आभार. आईचं काम मावशी करतेय. तिचे चारही मुखडे ओठ हलवतानाचे घेतलेत, वरून स्लो मोशनमध्ये हवेत म्हणून गाणं दुप्पट वेगाने वाजवून घेतलेत. आता पहिला सोडून बाकीचे वापरता येणार नाहीत, तरी चालेल.

----

घाटमाथा
सोमवार, सकाळी ६.२०

मी वाईचा. वय सत्तरीच्या पुढे. व्हिडिओ फारसे बघत नाही, पण हा धागा रात्री वाचला आणि झोप लागेना.

मुली, तू विचारतेस ते आमच्याकडच्या बायांनी केव्हाच सोडवलं होतं. मी यमुनाबाई वाईकरांना समोर बसून ऐकलंय. बैठकीची लावणी. बाई उठून नाचत नाही, बसल्या जागी अदा करते. एक ओळ घ्यायची आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची. शब्द एका मात्रेने बदलत नाही. पहिल्यांदा लाडिक तक्रार, दुसऱ्यांदा रुसवा, मग राग, मग एकदम डोळ्यांत पाणी. भुवई, बोटं, पदराचं टोक, एवढ्यावर. आम्हाला चौथ्या वेळी समजायचं की पहिल्यांदा ती हसत म्हणाली तेव्हाही आत काय होतं. ओळ पुढे जात नाही, ऐकणारा पुढे जातो.

दुसरं कीर्तनाचं. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात मूळ पद घेतात, निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यान कुठल्या कुठे जाऊन येतं. आणि शेवटी बुवा पुन्हा त्याच मूळ पदावर येतात. तासाभरापूर्वी ऐकलेलीच ओळ, पण आता तिच्यात सगळं आख्यान उतरलेलं असतं. माझी आई त्या जागी पदराने डोळे टिपायची.

तुझ्या चार मुखड्यांना चार अदा दे. आई एकच ठेव.

----

शेवंती
सोमवार, रात्री ११.१०

आजोबा, तुमचा प्रतिसाद आज ऑफिसात दोनदा वाचला. मावशीला फोनवर वाचून दाखवला.

आता असं लावून बघतेय.

पहिला मुखडा: आई फोनवर विचारते. ओठ हलतात. साधा प्रश्न.

दुसरा: प्रश्न चालू आहे, पण दिसतोय तो स्टँड. वाहतूक नियंत्रकाच्या केबिनबाहेरच्या बाकावर डब्यांची रांग. कुणी जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेला, कुणी पिशवीत, झाकणाला चिकटवलेल्या कागदावर नाव. एकेक मूल येऊन आपापला डबा उचलतं. आमचा एकटा उरतो. मुलीचं प्रॅक्टिकल लांबलंय हे बघणाऱ्याला माहीत आहे, आईला नाही.

तिसरा: वसतिगृहाची खोली. सहा मुली, एक डबा. पाच मिनिटांत तळ दिसतो. आमच्या मुलीच्या वाट्याला लोणचं आणि अर्धी भाकरी. फोन कानाला लावून ती मान हलवते, हो हो, पोटभर जेवले. तिची इच्छाच ती आहे, सगळ्यांनी खावं, म्हणून यात दुःख दाखवायचं नाहीये. आईला दिलेलं उत्तर मात्र खोटं आहे.

चौथा सापडत नाहीये. मुलगी नोकरीला लागली आणि आता ती आईला डबा पाठवते, असं भाऊ म्हणतो. मला ते फार ओळखीचं वाटतं, जाहिरातीत बघितल्यासारखं.

----

कडवं_तिसरं
मंगळवार, सकाळी ९.००

दुसरा मुखडा फार छान. तिथे मागच्या हालचालींकडे लक्ष द्या. चाइल्डिश गॅम्बिनोच्या 'धिस इज अमेरिका'त (२०१८, दिग्दर्शक हिरो मुराई) पुढे नाच चालतो आणि खरी गोष्ट मागे, धूसर पट्ट्यात, धावपळीत घडत असते. तुमच्या बाकामागे गाड्या लागताहेत, सुटताहेत, उन्हाची तिरीप सरकतेय, एवढ्याने वेळ किती गेला ते कळेल. घड्याळ दाखवू नका.

----

हिरवाचाफा
मंगळवार, दुपारी २.१५

चौथ्यासाठी एक सुचतंय. डबा परत जातो ना? संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा गावी जातो. आणि आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आमच्याकडे शेजारून वाटी आली तरी जाताना तिच्यात चिमूटभर साखर घालूनच जायची.

मुलीकडे वसतिगृहात दुसरं काय असणार? चहाची साखर. घासलेल्या डब्यात दोन चमचे.

----

रात्रपाळी
मंगळवार, दुपारी २.४०

हिरवाचाफा, हे मिळालं. आता डबा उलट दिशेने निघाला. मुखड्याचे शब्द तेच राहतील, पण 'पोचला का डबा' हे आता कुणाच्या मनात आहे ते सांगावं लागणार नाही. मुलीचे ओठही मिटलेलेच ठेवा.

आणि गाणं संपल्यावर चित्र लगेच कापू नका. जॉनी कॅशच्या 'हर्ट'चा मार्क रोमानेकने केलेला व्हिडिओ बघा. थकलेला कॅश, मागे जिन्यावरून त्याच्याकडे बघणारी त्याची बायको जून. दोघंही २००३ मध्येच गेले, ती मे महिन्यात, तो सप्टेंबरमध्ये. शेवटी गाणं थांबतं आणि तो पियानोचं झाकण हळूच मिटतो, वरून हात फिरवतो. तेवढ्यासाठी जागा ठेवली म्हणून ते झाकण लक्षात राहिलं.

----

शेवंती
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.२०

मंडळी, मागच्या रविवारी चौथा मुखडा शूट केला, आज संकलन पक्कं करून संपवलं.

मुलीचा भाग साधाच झाला. बाथरूमच्या नळाखाली डबा घासणं, ओढणीच्या टोकाने आतून पुसणं, प्लास्टिकच्या बरणीतून साखर. मैत्रिणींपैकी एकीने आपल्या बरणीतली चमचाभर घातली, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मावशीला मी एवढंच सांगितलं होतं की डबा उघड आणि आत बघ. आत काय आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने झाकण काढलं, थोडा वेळ बघत राहिली. मग बोट जिभेला लावून ओलं केलं, साखरेला टेकवलं, तोंडात घातलं. आणि झाकण परत लावून टाकलं, आत कुणी झोपलंय आणि आवाज व्हायला नको इतक्या हळू. हे सगळं होईपर्यंत गाणं संपून नऊ सेकंद झाले होते.

भावाला दाखवलं. एक सेकंद हलवू न देणारा माणूस, म्हणाला, ते नऊ सेकंद राहू दे, वर संगीत टाकू नको. तिथे आता फक्त कुकरची शिट्टी आहे.

घाटमाथा आजोबा, मावशीने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तिच्या आईलाही कीर्तनात मूळ पदावर आल्यावर रडू यायचं म्हणाली.

----

रात्रपाळी
रविवार, रात्री ९.४५

शिट्टी जागची आहे की नंतर टाकलीत?

----

शेवंती
रविवार, रात्री ९.५०

जागचीच. शेजारच्या काकूंकडे डाळ शिजत होती. तो शॉट मी सेकंदाला ५० फ्रेम्सवर घेतला होता, स्लो करायचा म्हणून. शिट्टीसाठी साध्या वेगानेच ठेवलाय.